हेमकुंडचे शेवटचे सहा किलोमीटर आणि आमचा नंद्या

गोदाकाठ यांचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. जरा लांबण लागेल, पण ऐकून घ्या.

आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र, सगळे नाशिकचे, यंदा सगळ्यांची पन्नाशी उलटून दोन-तीन वर्षं झालेली. गणपतीच्या आधी, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातल्या हेमकुंडला, शिखांच्या तीर्थाला, जायचं घाटतंय. हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे अख्खा दिवस गाडीत बसून जोशीमठ, मग गोविंदघाट. गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत जीप आणि तिथून नऊ-दहा किलोमीटर चालत घांघरिया. इथपर्यंत कुणाचंच काही म्हणणं नाही.

वाद आहे तो त्यापुढच्या सहा किलोमीटरचा. घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास आणि हेमकुंडाचं तळं ४,३२९ मीटरवर. म्हणजे सहा किलोमीटरच्या वाटेत बाराशेहून जास्त मीटरचा चढ, आणि वर मुक्काम करू देत नाहीत म्हणून त्याच दिवशी परत खाली. मी हे वहीत मांडलं आणि शेजारी कौतुकाने आपलं कळसूबाई लिहिलं, १,६४६. मग लक्षात आलं की गोविंदघाट, जिथे आपण नुसते गाडीतून उतरणार, तेच १,८२८ वर आहे. वही मिटून ठेवली.

चौघांत पक्या दर रविवारी सायकलवर त्र्यंबकेश्वर करून येतो. सुऱ्याचा एक गुडघा कुरकुरतो. मी महिन्यातून दोनदा अंजनेरी नाहीतर रामशेज. आणि नंद्या. नंद्या १०४ किलो, बीपीची गोळी चालू, हार्डवेअरच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री नऊ खुर्चीवर. त्याला म्हटलं, "तुझ्यापुरतं वरपर्यंत खेचर करू," तर दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला : "मी चालणार. विषय संपला."

माझे प्रश्न असे. हे सहा किलोमीटर आमच्यासारख्यांना एका दिवसात जाऊन-येऊन झेपतात का? चढताना चौघांनी एकत्र राहावं की ज्याने त्याने आपल्या चालीने जावं? आणि नंद्याला खेचरावर कसं बसवायचं? तो आमचा जुना मित्र आहे, त्याला वाईट वाटलेलं मला चालणार नाही. पण वाटेत काही झालेलं त्याहून चालणार नाही.

---

भटका_निखिल

काका, एवढं टेन्शन नका घेऊ. वाट दगडांनी बांधलेली आहे, लहान मुलं आणि आज्या जातात. मी घांघरियाहून २ तास ४० मिनिटांत वर होतो. दोन तास फोटो, तीनला खाली. पाणी आणि चॉकलेट घ्या, बस्स.

नाहीतर थांबा थोडी वर्षं. २०२५च्या मार्चमध्ये केंद्राने गोविंदघाट ते हेमकुंड रोपवेला मंजुरी दिलीय, १२.४ किलोमीटरचा, २,७३० कोटींचा. सगळे बसून जा.

---

गोदाकाठ

निखिल, रोपवे होईपर्यंत सुऱ्याच्या गुडघ्याची वाटी काही थांबायची नाही. आणि तुझं वय सव्वीस असणार, हे मी नाव न वाचताच सांगितलं असतं.

---

साताऱ्याची_कुंदा

गोदाकाठभाऊ, तुमच्या चौघांत मला नंद्याची एवढी काळजी वाटत नाही. पक्याची वाटते.

मी एसटीच्या डेपोत हिशेबाच्या टेबलावर तीस वर्षं काढली, त्यामुळे मोजायची खोड आहे, सांभाळून घ्या. २०२२च्या ऑगस्टअखेर आम्ही चौघी मैत्रिणी गेलो होतो. मंदा, शैला, वैजू आणि मी. मंदा म्हणजे आमचा पक्या. आम्ही अंथरुणातून उठायच्या आत ती रोज अजिंक्यतारा चढून येते. शैला अंगाने भरलेली, पुलना ते घांघरिया या वाटेवरच तिने "मला सोडून पुढे जा गं" असं सात वेळा म्हटलं. मोजलं मी.

तिसऱ्या दिवशीचं काय ते सांगते, बाकी प्रवासवर्णन तुम्हाला कुठेही मिळेल.

पहाटे पाचला निघालो. घांघरिया म्हणजे एकच गल्ली, खेचरांची लीद, पराठ्यांचा वास. गल्ली संपली की थोड्या अंतरावर वाट फुटते, डावीकडे फुलांची दरी, उजवीकडे हेमकुंड. उजवीकडची वाट चांगली रुंद, चुकायची भीती नाही. पण एकदा चढ लागला की तो मोडायचं नाव घेत नाही. वळण, चढ, वळण, चढ. आपल्या गडांवर कसं, मध्ये एखादी माची लागते, सोंडेवर बसून ताक पिता येतं. तसलं इथे काही नाही. हळूहळू झाडं संपतात, खाली घांघरियाचे पत्रे काडेपेट्यांएवढे होतात, आणि मान वर करावी तर तीच वळणं धुक्यात शिरलेली.

मंदा पुढे होती. प्रत्येक वळणावर थांबायची, आम्ही धापा टाकत पोचलो की लगेच निघायची. तिची विश्रांती व्हायची, आमची नाही. शैलाने मग आपला हिशेब लावला : शंभर पावलं चालायचं, तीस मोजेपर्यंत काठीवर रेलून उभं राहायचं, पुन्हा शंभर. कुणी काही म्हणो. आम्हाला हसू येत होतं.

बरंच वर गेल्यावर एक चहाची टपरी लागली, निळ्या ताडपत्रीची. मंदा बाकावर बसलेली. हातात पारले-जीचा पुडा. तो तिला फोडता येत नव्हता. नख लावायची, सुटायचं, पुडा उलटा करायची, पुन्हा तेच. मी चहा सांगेपर्यंत पाहत होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याची अजून लाज वाटते. म्हणाली, "डोकं ठणकतंय गं, पित्त झालं. उपाशीपोटी चहा घेतला ना." आपल्याकडे काहीही झालं की पित्तच होतं. वैजूने पर्समधून आवळासुपारी काढून दिली. दोन मिनिटांत उलटी.

टपरीवर विशीतला एक पहाडी मुलगा होता. त्याने किटली खाली ठेवली, मला बाजूला घेतलं आणि फरसबंदीच्या दोन दगडांमधली रेघ दाखवली. म्हणाला, दीदींना यावरून चालवा, टाचेला बोटं लावत. मंदाने चार पावलं नीट टाकली. पाचवं दरीच्या बाजूला गेलं. मी ओढणी धरली तिची. रोज पहाटे गड चढणारी बाई, आणि रेघेवर सहा पावलं सरळ पडेनात.

मग रस्त्यातच आमची सभा भरली. वैजू म्हणे, आता फक्त पायऱ्या राहिल्यात. (शेवटच्या टप्प्यात खेचरांची वाट लांबून वळसा घेते आणि पायी जाणाऱ्यांसाठी सरळ पायऱ्या आहेत. "फक्त" हजारावर.) मंदा स्वतः म्हणे, मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या, एवढ्या लांब आलोय. शैला म्हणे, एकीसाठी सगळ्यांनी का परतायचं. मी म्हणे, एकटीला कसं सोडायचं. अर्धा तास गेला त्यात, घड्याळ पाहिलं मी. आणि हा अर्धा तास मंदा त्याच उंचीवर बसलेली. शेवटी तो पोरगाच ओरडला, "नीचे ले जाओ, बैठाओ मत."

मी मंदाला घेऊन उतरले. तिचा हात माझ्या खांद्यावर, खेचर आलं की दोघी डोंगराच्या अंगाला चिकटून. दीडेक तासाने झाडं सुरू झाली आणि मंदा म्हणाली, "भूक लागली गं." तेव्हा माझे पाय लटपटायला लागले, तोपर्यंत नव्हते लटपटले.

वर कोण पोचलं, सांगा बघू? शैला. शंभर पावलं, तीस आकडे, शंभर पावलं. पाच तास लागले तिला. वैजूसुद्धा तिच्या मागे मागे त्याच हिशेबाने गेली. येताना तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणलं. मंदाने ती बाटली देवघरात ठेवलीय, अजून आहे.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं ते असं. वर प्राणवायूचं प्रमाण तेवढंच असतं, पण हवेचा दाब कमी, हेमकुंडाच्या उंचीवर समुद्रसपाटीच्या साठेक टक्के. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि तुम्ही किती व्यायाम करता याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट धडधाकट माणूस भराभर चढतो, दुखणं लपवतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. आम्ही सगळ्या शैलाकडे बघत होतो. मंदाकडे कुणीच बघत नव्हतं. डोकेदुखी आणि मळमळ झाली तर तिथून पुढे एक पाऊल वर टाकायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, तर त्याच मिनिटाला उतरायचं, आणि माणसाला एकटं पाठवायचं नाही.

म्हणून तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर असं : चाल ज्याची त्याची, पण जोड्या आदल्या रात्री ठरवा. चौघांच्या दोन जोड्या. जोडीतला एक उतरला की दुसरा उतरणार, वाद नाही, आभार नाही, नंतर टोमणे नाहीत. आणि घांघरियात जेवताना ठरवा, टपरीवर नाही. टपरीवर प्रत्येकाला तळं दिसत असतं.

२०२३ला मंदा आणि मी दोघीच परत गेलो. या वेळी घांघरियात दोन रात्री आधी काढल्या, मधल्या दिवशी फुलांच्या दरीत हिंडून आलो. तिकडे खेचरं जात नाहीत, चढ आहे पण थोडका, आणि झोपायला परत घांघरियातच, म्हणजे शरीर जरा रुळतं. डॉक्टरांना विचारून डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळीही घेतली होती. (सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि गोळीने बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका.) मंदाला मी मागे ठेवलं, शैलाचा हिशेब लावून. तिला फार राग आला. साडेदहाला वर.

तळं दिसलंच नाही आधी. धुकं. गुरुद्वाऱ्याचं छप्पर दिसलं, निशाण साहिबचा, म्हणजे शिखांच्या झेंड्याचा, खांब दिसला, पाणी ऐकू येत होतं. लंगरमध्ये स्टीलच्या ग्लासात चहा आणि गरम खिचडी घेतली, बोटं परत आपली वाटायला लागली. बाहेर आलो तर धुकं वर सरकत होतं, पडदा ओढावा तसं नाही, कुणीतरी गोधडी झटकत असल्यासारखं, थोडं वर, परत खाली. मग एकदम समोरचा सगळा काठ उघडा पडला. काळपट हिरवं पाणी, पलीकडे बर्फाचा मळका तुकडा थेट पाण्यात उतरलेला, आणि कडेच्या दगडांत ब्रह्मकमळं. आपल्याकडे कुंडीत रात्री फुलतं ते निवडुंगाचं फूल, ते हे नव्हे. हे फिकट पिवळसर, जुन्या पंचांगाच्या कागदासारख्या पाकळ्यांचं, आत जांभळा गड्डा. तोडायचं नाही. मंदाने पाण्यात पाय घातले, मी मोजत होते. अकराव्या आकड्याला काढले.

निखिलबाळा, तू पोचलास, आनंद आहे. आज्या पोचतात त्या शैलासारख्या पोचतात.

---

गोदाकाठ

कुंदाताई, दोनदा वाचलं. पक्याला पाठवलं, त्याने अंगठा टाकला, म्हणजे वाचलेलं नाही.

एक राहिलं. मागे फिरायची वेळ कोणती धरायची? आणि आम्ही शीख नाही, स्नान, लंगर, आत बसणं यात आमच्याकडून काही चुकायला नको.

---

गोदातीर_नांदेड

वेळेचं मी सांगतो, तीन वेळा जाऊन आलोय. दुपारी दोनच्या सुमारास सगळ्यांना खाली पाठवायला लागतात, दुपारनंतर पाऊस-धुकं धरतं. म्हणून बाराच्या आत वर नसाल तर जिथे असाल तिथून परत. निघायचं पाचला, सहाला नाही. उतरताना गुडघे खरे बोलतात, सुऱ्याभाऊंना दोन काठ्या द्या.

रीतभात सोपी आहे. डोकं झाकायचं, रुमाल चालतो. बूट-मोजे बाहेर, फरशी बर्फासारखी लागते, त्याला इलाज नाही. तंबाखू-सिगारेट खिशातसुद्धा नको, घांघरियातच ठेवा. लंगरमध्ये कुणालाही ओळीत बसता येतं, खाल तेवढंच घ्या आणि भांडं धुवायला हात लावलात तर कुणी नको म्हणणार नाही. स्नान ऐच्छिक आहे. बीपीवाल्याने एकदम बुडी मारू नये, ओंजळभर पाणी डोक्याला लावावं. बायकांसाठी आडोसा वेगळा आहे.

आता थोडं आमच्या गावाचं. शीख परंपरेप्रमाणे गुरू गोविंदसिंगांनी पूर्वजन्मी तप केलं ते सात शिखरांमधल्या हेमकुंडाशी, आणि या जन्मीचा देह ठेवला तो नांदेडला, १७०८ मध्ये. आमच्या गल्लीतून दरवर्षी माणसं जातात ती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेल्यासारखी. मूळ शब्दही तुम्हा नाशिककरांच्या ओळखीचा आहे. त्या सात शिखरांना गुरूंनी म्हटलंय सप्तशृंग. वणीला पायऱ्या चढताना आठवा.

जागा नेमकी कुठली हे मात्र विसाव्या शतकापर्यंत अंधारात होतं. १९३०च्या दशकात संत सोहनसिंग शोधत शोधत भ्यूंडार खोऱ्यात आले, हवालदार मोदनसिंग त्यांच्या साथीला, आणि काठावर छोटासा गुरुद्वारा उभा राहिला. खोऱ्यातल्या लोकांना तळं आधीपासून ठाऊक होतंच, ते त्याला लोकपाल म्हणत. काठावरचं लक्ष्मणाचं देऊळ चुकवू नका, सगळे गुरुद्वारा बघून परततात.

उंचीवरून भांडू नका. कुठे ४,६३२ मीटर लिहिलेलं सापडेल, कुठे ४,३२९. दम दोन्हीने तेवढाच लागतो.

रस्त्यासाठी दोन दिवस हातचे ठेवा. जोशीमठच्या अलीकडे एका ओढ्याचं नावच पागल नाला आहे. २०२५च्या मार्चमध्ये गोविंदघाटचा पूल दरडीखाली गेला होता, यात्रा सुरू व्हायला जेमतेम अडीच महिने असताना. परतीचं आरक्षण ताणून करू नका. आणि यात्रेची ऑनलाइन नोंदणी करा.

---

साताऱ्याची_कुंदा

तंबाखूचं बरं आठवलं. वैजूच्या मशेरीची डबी आम्ही घांघरियाच्या लॉजवाल्याकडे ठेव म्हणून ठेवली होती. त्याने पावती दिली.

खेचराबद्दल राहिलं भाऊ. नंद्याभाऊंचं बीपी डॉक्टरांना दाखवा, त्या उंचीवर जाऊ का असं स्पष्ट विचारा, आणि डॉक्टर हो म्हणाले तर त्यांना चालू द्या. खेचरावर बसलं म्हणजे उंचीचं दुखणं टळतं असं नाही, उलट लवकर वर पोचतो. पण त्यांनी नाही का म्हटलं, हे विचारलंत का त्यांना?

---

नंदू_हार्डवेअर

मीच तो नंद्या. सुऱ्याने लिंक पाठवली. खातं उघडायला अर्धा तास गेला, पासवर्डमध्ये चिन्ह पाहिजे म्हणे.

कुंदाताई, नाही विचारलं. तुम्हीच पहिल्या.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आईला घेऊन दुसऱ्या एका पहाडी यात्रेला गेलो होतो. तेव्हाही मी शंभरच्या घरात. खेचर केलं. अर्ध्या वाटेत ते उभं राहिलं, हाकणाऱ्याने मारलं तरी हलेना. मी उतरलो, त्याने खोगीर सैल केलं, तर खाली पाठीवर तळहाताएवढी जखम, केस चिकटलेले, त्यावर माश्या. त्याने त्यावर हळद फासली, वर गोणपाटाची घडी ठेवली आणि मला म्हणाला, "बैठो साहब." मी बसलो. आई पुढे गेली होती, पाऊस होता, बसलो. ते पुढे दोन तास माझ्याखाली चाललं. मला त्याचा श्वास मांड्यांना कळत होता.

यात मानपानाचा काही प्रश्न नव्हता रे, गोदाकाठ. तुला फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू म्हणाला असतास, "नंद्या, जनावर आहे ते." म्हणून नाही उचलला.

डॉक्टरांकडे बुधवारी जाऊन आलो. ईसीजी, इको दोन्ही काढले. गोळी बदलली आहे, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय, तेव्हा जाऊ की नको ते सांगतील. नको म्हणाले तर मी घांघरियात थांबेन, फुलांच्या दरीत बसेन, तुम्ही जाऊन या. हे आधीच लिहून ठेवतो.

आणि १०४ नाही, ९९. दिवाळीपासून दुकान बंद करून चालत घरी येतो. तुला नाही सांगितलं कारण तू ग्रुपवर टाकलं असतंस.

जोड्या मी ठरवल्यात. सुऱ्या आणि पक्या. पक्याने मागे राहायचं, तो नाही म्हणाला तर ताईंचा मजकूर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवणार. माझ्याबरोबर तू.

रविवारी सहाला अंजनेरीच्या पायथ्याशी ये. शंभर पावलं, तीस आकडे. तू आकडे मोज, मला श्वास लागतो. आणि माझी निळी कानटोपी आण, मार्चपासून तुझ्याकडे आहे.